इतर उत्पन्न

मुगभाटात, बाइंडिंगच्या दुकानावर माझं ऑफिस.
खळीचा वास जिन्याने वर येतो,
त्याच्यामागून जुलैच्या शेवटी माणसं येतात
पिशवीत वर्ष घेऊन.

हरेश्वर तांडेल बावीस वह्या घेऊन आला.
वरळी कोळीवाडा, वय एकसष्ट,
तर्जनीवर दोराचा जुना घट्टा.
वह्यांत घोड्याचं नाव, जॉकीचं वजन,
मैदान ओलं की टणक,
लावले किती, आले किती, गेले किती.
"ताई, व्यवसायाच्या रकान्यात लिहा.
मी काय गंमत म्हणून जातो?
पहाटे पाचला कुंपणाशी उभा राहून
घोड्यांचा दम मोजतो मी."

मी चष्मा पुसला.
वाईट बातमी द्यायची असली की मी चष्मा पुसते.
म्हटलं, कायद्याला तुमची पहाट दिसत नाही.
शर्यत, सोडत, पत्ते, सगळं एकाच खणात,
शेकडा तीस, वर उपकर.
खर्च वजा नाही.

"म्हणजे चार लाख आले, साडेतीन गेले..."
कर चार लाखांवर.
"आणि ते साडेतीन?"
ते तुमचे.

त्याने मनात हिशेब केला, ओठ हलले.
पन्नास हजार उरले, सव्वा लाख भरायचे.
एवढा वेळ पंखाच बोलत होता.
मग म्हणाला, "माझा बाप दर्यात जायचा.
डिझेल वजा, बर्फ वजा, खलाश्यांचा वाटा वजा.
जाळं रिकामं आलं तरी डिझेल धरायचेच ना?"
धरायचे.
"मग?"
मग काय.
दर्या धंदा आणि घोडा नशीब
असं कुणीतरी लिहून ठेवलंय,
जो पहाटे पाचला झोपलेला असणार.

त्याच बाकावर फिलोमिना घोन्साल्विस बसली होती,
रात्रपाळी संपवून आलेली नर्स.
दुकानदाराकडे सुटे नव्हते
म्हणून त्याने तिच्या हातात लॉटरीचं तिकीट ठेवलं,
आयुष्यातलं पहिलं.
लागले दोन लाख, कर आधीच कापलेला.
"एवढंच ना? आणखी काय भरायचं नाय?" तिने विचारलं,
आणि कापलेल्याबद्दल हळहळलीसुद्धा नाही.
तोच रकाना, तोच दर.
हरेश्वर तिच्याकडे बघत राहिला,
जन्मभर गळ टाकणाऱ्याने
ज्याच्या ओट्यावर लाटेने आपणहून पापलेट आणून टाकलं
त्याच्याकडे बघावं तसा.

"कुणालाच सूट नाय?"
आहे एकाला. घोड्याच्या मालकाला.
चारा, नाल, मोतद्दाराचा पगार, सगळं धरता येतं,
तोटा चार वर्षं पुढे ओढता येतो.
"म्हणजे घोडा ज्याचा, त्याला तोटा होतो," तो म्हणाला,
"मी नुसता हरतो."
याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

यंदाची वही तेवढी ठेवून गेला, ताळा करायला.
रात्री आकडे लावत बसले
तेव्हा कडेला एक अरुंद रकाना दिसला,
पेन्सिलीचा, वर नाव नसलेला.
चार जानेवारी: आले अठरा हजार. कडेला, सात.
अकरा जानेवारी: गेले बावीस हजार. कडेला,
"मामाच्या तेराव्याला गेलो होतो."
पुढे पान उलटलं, तर मामा पुन्हा मार्चमध्ये वारलेला.
मग उलगडलं.
घरी सांगितलेले आकडे होते ते.
तिथे त्याने हरल्याचीही वजावट घेतली होती,
बावीस वर्षं, न चुकता,
आणि तिने ती मान्य केली असावी,
किंवा तिचीही एखादी वही असेल.

त्या रकान्याची बेरीज मी केली नाही.
बाकी सगळं भरलं: इतर उत्पन्न, चार लाख.

सकाळी तो वही न्यायला आला.
फी म्हणून कागदात गुंडाळलेले सुके बोंबील,
वर मोजून तीनशे रुपये.
त्याने पावती मागितली नाही.
मी तरी फाडली.
ते बोंबील माझ्या
व्यवसायाच्या रकान्यात जातात.